राखेतून उभ्या राहिलेल्या मूर्तींचा शिल्पकार : उन्केई

जपानची प्राचीन राजधानी असलेल्या नारा नगरीत तोदाई-जी या महाविहाराकडे जाणारी वाट एका भव्य लाकडी द्वारातून जाते. नांदाईमोन, म्हणजे दक्षिण महाद्वार, या नावाने ते ओळखले जाते. द्वाराच्या दोन्ही बाजूंना परस्परांकडे तोंड करून दोन महाकाय द्वारपाल उभे आहेत. एकाचे मुख उघडे, तर दुसऱ्याचे घट्ट मिटलेले. संस्कृत वर्णमालेतील ‘अ’ आणि मंत्रातील ‘हूं’ यांचे उच्चारण त्या मुखांतून सूचित होते. एक आरंभाचा ध्वनी, दुसरा अंताचा. सुमारे ८.४ मीटर उंचीच्या या मूर्ती १२०३ मध्ये अवघ्या ६९ दिवसांत घडवण्यात आल्या. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या शिल्पकाराचे नाव उन्केई. आठ शतकांनंतरही जपानी बौद्ध शिल्पकलेतील सर्वांत मोठे नाव म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो.

उन्केईचे जीवन एका विध्वंसाशी बांधलेले आहे. नारामधील विहार भस्मसात झाले नसते, तर कदाचित तो एका प्रादेशिक घराण्याचा कुशल कारागीर म्हणूनच राहिला असता. युद्धाने जे नष्ट केले ते पुन्हा उभारण्याचे कार्य त्याच्या पिढीच्या वाट्याला आले आणि त्या कार्यातून जपानी मूर्तिकलेचे रूपच पालटले.

घराणे आणि परंपरा

उन्केईच्या जन्मवर्षाची नोंद आढळत नाही. त्याचा ज्येष्ठ पुत्र तान्केई ११७३ मध्ये जन्मला, यावरून उन्केईचा जन्म ११५० च्या सुमारास झाला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याचे वडील कोकेई हे नारामधील बुश्शी, म्हणजे बुद्धमूर्ती घडवणारे व्यावसायिक शिल्पी होते. या घराण्याची परंपरा जोचो या अकराव्या शतकातील महान शिल्पकारापर्यंत जाऊन पोहोचते. क्योतोजवळच्या उजी येथील ब्योदो-इन मंदिरातील अमिताभ बुद्धाची १०५३ मधील मूर्ती ही जोचोची अमर कृती होय.

जोचोने आपल्या वंशजांना केवळ सौंदर्याचा आदर्श दिला नाही, तर कामाची एक पद्धतही दिली. एकाच ओंडक्यातून मूर्ती कोरली, तर लाकूड वाळताना तिला तडे जातात आणि मूर्तीचा आकारही झाडाच्या घेरापुरता मर्यादित राहतो. त्याऐवजी अनेक ठोकळे स्वतंत्रपणे कोरायचे, आतून पोकळ करायचे आणि मग एकमेकांना जोडून मूर्ती उभी करायची, ही रीत जोचोने परिपूर्ण केली. त्यामुळे मूर्ती हलकी झाली, टिकाऊ झाली आणि एकाच मूर्तीवर अनेक हातांना एकाच वेळी काम करणे शक्य झाले. मूर्तीच्या आतील ही पोकळी पुढे फार महत्त्वाची ठरली. तीत धर्मग्रंथ, पवित्र धातू, दात्यांची नावे आणि प्रार्थना ठेवल्या जाऊ लागल्या. बाहेरून दिसणाऱ्या देहाला आतून जणू प्राण देण्याचा हा विधी होता.

जोचोनंतर त्याच्या शिष्यपरंपरेच्या शाखा झाल्या. क्योतोमधील ‘इन’ आणि ‘एन’ या शाखांना राजदरबार व सरदारांचा आश्रय लाभला. नारामधील शाखा मात्र बाजूला पडली. कोफुकु-जी या विहाराची कामे आणि जुन्या मूर्तींची डागडुजी यांवर तिचा निर्वाह चाले. परंतु याच उपेक्षेतून तिला एक दुर्मीळ शिक्षण मिळाले. आठव्या शतकातील भारदस्त, स्नायूंचा भास देणाऱ्या, जिवंत वाटणाऱ्या मूर्ती नारामध्येच होत्या. दरबारी शिल्पी जोचोच्या सौम्य शैलीची पुनरावृत्ती करत असताना नाराचे शिल्पी त्या प्राचीन मूर्तींच्या सान्निध्यात वाढत होते.

पहिली स्वाक्षरी

उन्केईची आज ज्ञात असलेली सर्वांत आधीची कृती म्हणजे नाराच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात असलेल्या एन्जो-जी मंदिरातील महावैरोचनाची मूर्ती. बसलेल्या स्थितीतील ही मूर्ती सुमारे एक मीटर उंच आहे. डाव्या हाताची उभी तर्जनी उजव्या हाताच्या मुठीत धरलेली, पाठ ताठ, गालांवर तारुण्याची भरीव गोलाई आणि देहात संयमित चैतन्य, असे तिचे रूप आहे. डोळे स्फटिकाचे आहेत. पोकळ मस्तकाच्या आतील बाजूने घासून पातळ केलेला स्फटिक बसवायचा, त्याच्या मागे बुबुळ रंगवायचे आणि त्यामागे पांढरा कागद किंवा कापूस लावायचा, अशी ही युक्ती होती. दिव्याच्या मंद प्रकाशात असे डोळे ओलसर आणि सजीव भासतात.

या मूर्तीच्या कमलासनाच्या लाकडावर शाईने लिहिलेला एक लेख १९२१ मध्ये उजेडात आला. मूर्तीचे काम ११७५ च्या अखेरीस सुरू झाले आणि सुमारे अकरा महिन्यांनी, ११७६ मध्ये, ती मंदिराच्या स्वाधीन करण्यात आली, अशी नोंद त्यात आहे. मोबदला म्हणून उत्तम प्रतीच्या रेशमी कापडाचे ४३ तागे मिळाल्याचाही उल्लेख आहे. शेवटी महाशिल्पी कोकेईचा खरा शिष्य म्हणून उन्केईने आपले नाव नोंदवले आहे. त्या काळी एवढ्या आकाराची मूर्ती तीन-चार महिन्यांत पूर्ण होत असे. तरुण उन्केईने तिच्यासाठी जवळजवळ वर्ष दिले. शिल्पकाराने स्वतःच्या हाताने नाव लिहून ठेवण्याचे हे जपानमधील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे. मात्र ते नाव लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी नव्हते, हेही तितकेच खरे.

नाराचा अग्निप्रलय

तो काळ ताइरा आणि मिनामोतो या दोन योद्धा कुळांमधील संघर्षाचा होता. धर्माचा ऱ्हासकाळ १०५२ मध्ये सुरू झाला, अशी समजूत जपानी समाजात आधीच रुजली होती. ११८० च्या अखेरच्या दिवसांत ती समजूत प्रत्यक्षात उतरल्यासारखे लोकांना वाटले. ताइरांना विरोध करणाऱ्या नारामधील भिक्षूंना शासन करण्यासाठी ताइरा नो शिगेहिराने नगरीवर चाल केली. रात्री लावलेली आग वाऱ्याने पसरली. तोदाई-जी आणि कोफुकु-जी हे दोन्ही महाविहार जळाले. आश्रयासाठी मंदिरांत शिरलेली माणसे त्या ज्वाळांत मृत्युमुखी पडली. ७५२ मध्ये प्रतिष्ठापित झालेल्या तोदाई-जीच्या कांस्य महाबुद्धाचे मस्तक आणि हात गळून पडले.

उन्केईसाठी ही केवळ दुरून ऐकलेली वार्ता नव्हती. कोफुकु-जी हा त्याच्या घराण्याचा आधार होता. ज्या प्राचीन मूर्ती पाहत तो शिकला, त्यांपैकी अनेक एका रात्रीत नाहीशा झाल्या.

आपल्या दुःखाविषयी उन्केईने लिहिलेले काहीही मागे उरलेले नाही; परंतु त्याने केलेली एक कृती उरली आहे. ११८३ मध्ये त्याने सद्धर्मपुंडरीक सूत्राची एक प्रत तयार करवून घेतली. शाईसाठी क्योतो परिसरातील तीन पवित्र स्थळांहून जल आणण्यात आले. गुंडाळीच्या मधोमध जो लाकडी दांडा असतो, त्यासाठी तोदाई-जीच्या अग्निकांडातून वाचलेले लाकूड वापरण्यात आले. ग्रंथाच्या अखेरीस उन्केईबरोबर त्याच्या कार्यशाळेतील अनेक शिल्पींची नावे आहेत. त्यांत पुढे त्याच्याइतकाच नावारूपास आलेला काइकेई हाही आहे. जळक्या लाकडाभोवती धर्मवचन गुंडाळण्याच्या या कृतीतून त्या कार्यशाळेचा संकल्प स्पष्ट होतो. पुनर्निर्माणाचे काम त्यांच्यासाठी उपजीविकेचे साधन होते, तसेच ते धर्मकार्यही होते.

योद्ध्यांचा आश्रय

पुनर्बांधणीची कामे वाटली गेली तेव्हा प्रतिष्ठेच्या वास्तूंपैकी बऱ्याच क्योतोच्या शिल्पींकडे गेल्या. कोफुकु-जीचे मुख्य सुवर्णमंदिर आणि व्याख्यानगृह त्यांनाच मिळाले. उन्केईच्या वडिलांच्या वाट्याला नान्एन्दो हे अष्टकोनी मंदिर आले आणि तेथील मूर्ती त्यांनी ११८९ मध्ये पूर्ण केल्या. याच सुमारास देशाच्या पूर्व भागात नव्या सत्तेचा उदय होत होता. मिनामोतो नो योरितोमोने कामाकुरा येथे आपले ठाणे उभारले होते. त्याच्या योद्ध्यांना जुन्या दरबारी अभिरुचीचे ओझे नव्हते.

योरितोमोचा सासरा होजो तोकिमासा याने इझु प्रांतातील गान्जोजु-इन मंदिरासाठी उन्केईकडून मूर्ती घडवून घेतल्या. त्यांच्या आतील लाकडी पट्ट्यांवर ११८६ हे वर्ष नोंदलेले आहे. अमिताभाची रुंद छाती, अचलनाथाची उग्र मुद्रा आणि वैश्रवणाची युद्धासाठी सज्ज असलेली उभी देहयष्टी यांत जोचोच्या सौम्यतेचा मागमूसही नाही. हा वैश्रवण चिलखत घातलेल्या खऱ्या योद्ध्यासारखा दिसतो.

११८९ मध्ये वादा योशिमोरी हा सरदार आणि त्याची पत्नी यांच्यासाठी उन्केईने आणखी एक मूर्तिसमूह घडवला. तो आज योकोसुका येथील जोराकु-जी मंदिरात आहे. १९५९ मध्ये वैश्रवणाच्या मूर्तीच्या आत एक लाकडी पट्टी सापडली. तिच्यावर दात्यांची नावे, उन्केईचे नाव आणि त्याच्या हाताखाली दहा साहाय्यक शिल्पी असल्याची नोंद होती. तोवर या मूर्तींचा कर्ता निश्चित नव्हता. येथे उन्केईने एक सूक्ष्म भेदही केला आहे. देव आणि रक्षक यांचे डोळे स्फटिकाचे ठेवले, तर बुद्धाचे व बोधिसत्त्वांचे डोळे लाकडातच कोरले. जे या जगात वावरतात त्यांना माणसासारखी चमकती दृष्टी आणि जे जगाच्या पलीकडे आहेत त्यांना स्थिर, अंतर्मुख दृष्टी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या आश्रयदात्यांचा शेवटही काळाची साक्ष देणारा आहे. १२१३ मध्ये होजो कुळाशी झालेल्या संघर्षात वादा योशिमोरी मारला गेला आणि त्याच्या कुळाचा विध्वंस झाला. उन्केईने दोन्ही घराण्यांसाठी मूर्ती घडवल्या होत्या. घराणी परस्परांवर शस्त्र धरून उभी राहिली. मूर्ती मात्र आपापल्या मंदिरांत टिकून राहिल्या.

६९ दिवस

तोदाई-जीच्या पुनर्निर्माणाची धुरा ११८१ मध्ये चोगेन या साठी ओलांडलेल्या भिक्षूकडे सोपवण्यात आली. त्याने देशभर फिरून दान गोळा केले, चिनी धातुकारांच्या साहाय्याने महाबुद्धाची मूर्ती पुन्हा ओतवली आणि सुओ प्रांतातील अरण्यांतून प्रचंड वृक्ष समुद्रमार्गे नारापर्यंत आणवले. ११८५ मध्ये महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी झाला. ११९५ मध्ये महाबुद्धाचे मंदिर प्रतिष्ठापित झाले, तेव्हा योरितोमो स्वतः उपस्थित होता. पुढच्याच वर्षी कोकेई, उन्केई, काइकेई आणि जोकाकु यांनी मंदिरातील विशाल बोधिसत्त्व व चार लोकपाल यांच्या मूर्ती घडवल्या. दुर्दैवाने १५६७ च्या युद्धात त्या मंदिरासह जळाल्या. दक्षिण महाद्वार मात्र वाचले आणि म्हणूनच १२०३ मधील द्वारपाल आज पाहता येतात.

प्रत्येक द्वारपालाच्या देहात लाकडाचे सुमारे तीन हजार तुकडे आहेत आणि प्रत्येकाचे वजन सहा टनांहून अधिक आहे. १९८८ ते १९९३ या काळात दोन्ही मूर्ती पूर्णपणे सुट्या करून त्यांचे जतनकार्य करण्यात आले, तेव्हा निर्मितीचे अनेक तपशील समोर आले. उघड्या मुखाच्या द्वारपालाच्या हातातील वज्रामध्ये उन्केई आणि काइकेई यांची नावे होती. मिटलेल्या मुखाच्या द्वारपालाच्या आत ठेवलेल्या धर्मग्रंथात तान्केई आणि जोकाकु यांचा उल्लेख होता. सुमारे वीस शिल्पींच्या या पथकाचा सूत्रधार उन्केई होता, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

त्याहून बोलका होता तो दुरुस्त्यांचा पुरावा. मूर्तीचे भाग जोडून झाल्यावर अनेक ठिकाणी बदल करण्यात आले होते. डोळ्यांची दिशा बदलली होती, बेंबी मूळ जागेवरून हलवली होती. जमिनीवर तयार केलेले भाग उभे राहिल्यावर खालून पाहणाऱ्याला कसे दिसतील, याचा अंदाज प्रत्यक्ष उंचीवरच येतो. वेळ अत्यंत कमी होता, तरीही पूर्ण झालेले कोरीवकाम पुन्हा छिन्नीखाली घेण्यात आले. द्वारातून येणाऱ्या सामान्य यात्रेकरूची नजर द्वारपालाच्या नजरेला भिडावी, यासाठी हा खटाटोप होता.

त्याच वर्षी उन्केईला होइन ही पदवी मिळाली. मूर्तिकाराला मिळू शकणारा हा सर्वोच्च धार्मिक सन्मान होता. एके काळी डागडुजीवर जगणाऱ्या नाराच्या घराण्याने क्योतोच्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले होते.

भारतातील दोन आचार्य

उन्केईची सर्वांत प्रगल्भ कृती मात्र आकाराने प्रचंड नाही. कोफुकु-जीमधील होकुएन्दो या अष्टकोनी मंदिरासाठी १२०८ मध्ये काम सुरू झाले आणि १२१२ मध्ये ते पूर्ण झाले. मध्यभागी मैत्रेय बुद्धाची आसनस्थ मूर्ती आणि तिच्या मागे दोन्ही अंगांना असंग व वसुबंधू या आचार्यबंधूंच्या उभ्या मूर्ती, अशी ही रचना आहे. उन्केईने आपल्या पुत्रांना आणि शिष्यांना हाताशी घेऊन हे काम केले.

असंग आणि वसुबंधू हे चौथ्या-पाचव्या शतकातील गांधार देशातील पुरुषपूरचे, म्हणजे आजच्या पेशावरचे. योगाचार या दर्शनाचे ते प्रवर्तक. सातव्या शतकात ह्युएन त्संग नालंदा येथे शीलभद्र या आचार्यांकडून हे दर्शन शिकला. त्याच्या शिष्यांमार्फत ते चीनमध्ये रुजले आणि तेथून जपानमध्ये पोहोचले. कोफुकु-जी हे जपानमधील या पंथाचे प्रमुख पीठ आहे. असंगाला साक्षात मैत्रेयाकडून उपदेश मिळाला, अशी परंपरा आहे. म्हणून हे दोघे मैत्रेयाच्या सान्निध्यात उभे आहेत.

उन्केईने भारत कधी पाहिला नव्हता आणि या आचार्यांची खरी चित्रेही उपलब्ध नव्हती. त्याने त्यांना जपानी भिक्षूंचे चेहरे दिले. असंग वृद्ध आहे. वस्त्रात गुंडाळलेली एक वस्तू हातांत धरून तो किंचित खाली पाहतो. त्याच्या मुखावर आयुष्यभराच्या चिंतनानंतरची शांतता आहे. वसुबंधू वयाने लहान, अधिक दृढ आणि काहीसा अस्वस्थ दिसतो. त्याच्या स्फटिकाच्या डोळ्यांत प्रकाश पडला की ते पाणावल्यासारखे वाटतात. दोघांची उंची १९० सेंटिमीटरहून अधिक आहे आणि वस्त्रांच्या जाड, मोजक्या चुण्यांतून देहाचा भार जाणवतो. द्वारपालांमध्ये जी शक्ती स्नायूंतून व्यक्त झाली, तीच येथे मौनातून व्यक्त झाली आहे.

मैत्रेयाच्या मूर्तीच्या आत एक लहान मैत्रेयमूर्ती, धर्मग्रंथ आणि स्फटिकाचा गोल ठेवलेला आहे. हा गोल म्हणजे मूर्तीचे हृदय, निर्मळ चित्तरूपी चंद्र. मैत्रेय हा भविष्यातील बुद्ध. परंपरेनुसार त्याच्या आगमनास ५६७ कोटी वर्षे लागणार आहेत. जळालेल्या विहारात त्याची पुन्हा स्थापना करणे म्हणजे धर्म संपलेला नाही, असे त्या काळातील समाजाला दिलेले आश्वासन होते.

अखेरची वर्षे आणि वारसा

उत्तरायुष्यातही उन्केईचा हात थांबला नाही. १२१६ मध्ये त्याने कामाकुराच्या राजकुलाशी संबंधित एका स्त्रीसाठी महातेज विद्याराजाची छोटी मूर्ती घडवली. आज ती खंडित अवस्थेत असून तिची उंची जेमतेम २१ सेंटिमीटर आहे. आठ मीटरच्या द्वारपालांमधील आवेश तिच्या हाताएवढ्या देहातही आढळतो. जपानी पंचांगानुसार १२२३ च्या बाराव्या महिन्यात, म्हणजे आजच्या गणनेनुसार ३ जानेवारी १२२४ रोजी, उन्केईचे निधन झाले.

त्याचे सहा पुत्र शिल्पकार झाले. तान्केईने वयाच्या ऐंशीनंतर, १२५४ मध्ये, क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिरातील सहस्रभुज अवलोकितेश्वराची मुख्य मूर्ती पूर्ण केली. कोशोने नामस्मरण करणाऱ्या कुया या संताची विलक्षण मूर्ती घडवली, तर कोबेनने दीप धरून उभ्या असलेल्या दोन दैत्यमूर्तींतून विनोदाची झाक आणली.

उन्केईच्या कीर्तीचा एक विपरीत परिणामही झाला. पुढील शतकांत जपानभर असंख्य मूर्ती, विशेषतः द्वारपाल, त्याच्या नावावर जमा झाल्या. आज लेख, कागदपत्रे आणि शैली यांच्या आधारे साधारण तीस मूर्ती त्याच्या मानल्या जातात. मार्च २००८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात त्याची मानली जाणारी महावैरोचनाची एक मूर्ती १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली आणि जपानी बौद्ध संस्थेने ती मायदेशी नेली. क्ष-किरण तपासणीत तिच्या आतही स्तूपाच्या आकाराची लाकडी पट्टी आणि कमळावर ठेवलेला स्फटिक दिसला होता. मूर्ती न उघडताच तिच्या कर्त्याविषयीचा सबळ पुरावा मिळाला.

आसनाखालचा लेख, वज्राच्या आतील नाव, पोकळीतील पट्टी. उन्केईची ओळख शतकानुशतके अशी लाकडाच्या अंधारात राहिली. त्याने नावे लिहिली ती बुद्धाच्या सान्निध्यात राहावीत म्हणून, आणि त्याच्या नावाशेजारी नेहमी दात्यांची, सहकाऱ्यांची, पुत्रांची नावे होती. नाराच्या दक्षिण महाद्वारातून आजही दररोज हजारो माणसे जातात. त्यांच्यापैकी अनेकांना शिल्पकाराचे नाव ठाऊक नसते. तरीही मान वर करताच द्वारपालाची नजर त्यांच्या नजरेला भिडते. १२०३ मधील त्या घाईच्या दिवसांत पुन्हा छिन्नी उचलून साधलेला तो नजरेचा कोन आजही अचूक आहे.